पान उलटतांना: संगणकाच्या पडद्यावरील टॅब आणि त्यांची हालचाल

पोथी वाचणारा मनुष्य एक पान वाचून संपलें कीं तें दोन्ही हातांनीं उचलतो, उलटतो आणि पलीकडे ठेवतो. या क्रियेला क्षण दोन क्षण लागतात. पण ते वायां गेले असें कोणी म्हणत नाहीं. पान हातांतून जात असतां डोळा त्याच्या मागोमाग जातो, आणि वाचलेलें कोठें गेलें व वाचावयाचें कोठून आलें, हें कोणास विचारावें लागत नाहीं. संगणकाच्या पडद्यावरचें पान मात्र असें उलटत नाहीं. विंडोच्या माथ्यावर ओळीनें लावलेल्या टॅबांपैकीं एकावर माऊस दाबला कीं जुनें पान नाहींसें होतें आणि त्याच जागीं नवें उभें राहतें. मधला प्रवास नसतोच. हा प्रवास कृत्रिम रीतीनें निर्माण करून दाखवावा कीं नाहीं, आणि दाखवावयाचा तर किती वेळ, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं क्षुल्लक वाटतो. परंतु त्याच्या पोटांत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. यंत्रानें मनुष्याच्या डोळ्याची चाल ओळखून आपला वेग आवरावा, कीं मनुष्यानें यंत्राच्या वेगाशीं जुळवून घ्यावें? गेल्या चार दशकांत या प्रश्नाचें उत्तर कसें घडत गेलें, त्याचा हा वृत्तान्त आहे.

टॅब ही वस्तु संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील ग्रंथालयांत आणि व्यापारी कचेऱ्यांत कार्डांचे ढीग वाढूं लागले. हजारों कार्डांच्या खणांतून नेमकें एक कार्ड काढणें हें मोठें जिकिरीचें काम होऊन बसलें. जेम्स न्यूटन गन या हिशेबाच्या कामांत मुरलेल्या गृहस्थानें त्यावर एक साधा तोडगा काढला. कांहीं कार्डांच्या माथ्याला त्यानें थोडा वर डोकावणारा कान ठेवला व त्या कानावर अक्षर, तारीख किंवा विषय लिहिला. या कल्पनेचें पेटंट १८९७ सालचें आहे. हा कान म्हणजेच टॅब. गठ्ठा बंद असतांहि आंत काय आहे हें तो सांगतो, आणि बोटाला धरावयास जागा देतो. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कागदाच्या टॅबाला बोट लावलें म्हणजे पुढचीं कार्डें खरोखरच पुढें कलतात. खूण आणि हालचाल या दोन्ही गोष्टी तेथें एकत्र नांदतात.

संगणकाच्या पडद्यानें यांपैकीं खूण तेवढी उचलली. हालचाल मागें राहिली. १९९२ सालीं बोर्लंड कंपनीच्या क्वाट्रो प्रो या हिशेबाच्या प्रोग्रॅमनें आंकड्यांच्या अनेक तक्त्यांना टॅब लावून त्यांची एक वही बनविली. त्याच वर्षीं आय. बी. एम. च्या ओ. एस. टू या प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तींत एखाद्या वस्तूच्या मांडणीच्या नोंदी वहीच्या रूपानें दाखविल्या होत्या. तारेच्या वेटोळ्यांनीं बांधलेली पाठ आणि कडेला रंगीत टॅब असें तिचें चित्र हुबेहूब होतें. १९९३ सालीं मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलनें तक्त्यांचे टॅब खालच्या काठाला लावले, आणि १९९५ च्या ऑगस्टमध्यें विंडोज ९५ आल्यावर तर टॅब घरोघर पोंचले. वहीचें सोंग इतकें तंतोतंत वठविलेलें असूनहि तिचें पान उलटत मात्र नव्हतें. टॅब दाबला कीं वहीचें चित्र तसेंच राही, आणि आंतला मजकूर एका झटक्यांत पालटे.

या झटक्याचें मनुष्याच्या दृष्टीला काय वाटतें, हें समजण्यासाठीं मानसशास्त्राकडे वळलें पाहिजे. १९१२ सालीं मॅक्स वेर्टहायमर या जर्मन शास्त्रज्ञानें आपले प्रसिद्ध प्रयोग प्रकाशित केले. जवळजवळ असलेल्या दोन रेषा एकामागून एक दाखविल्या, आणि मधलें अंतर सेकंदाच्या सुमारें सोळाव्या भागाइतकें ठेवलें, तर पाहणाऱ्याला दोन रेषा दिसत नाहींत. एकच रेषा इकडून तिकडे सरकल्याचा भास होतो. अंतर फार वाढविलें तर दोन वेगळ्या घटना दिसतात. फार कमी केलें तर दोन्ही रेषा एकदमच दिसतात. याचा अर्थ असा कीं, डोळा हा नुसता साक्षीदार नव्हे. थोडा पुरावा मिळाला कीं मधला प्रवास तो स्वतः रचतो.

याची दुसरी बाजू १९९७ सालीं रोनाल्ड रेन्सिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उजेडांत आणली. एकच छायाचित्र थोडासा फरक करून आळीपाळीनें दाखविलें, आणि दोहोंच्या मध्यें क्षणभर पडदा कोरा ठेवला, तर चांगले डोळस लोकहि तो फरक पुष्कळ वेळपर्यंत ओळखूं शकत नाहींत. मधला कोरा क्षण काढून टाकला कीं तोच फरक तात्काळ नजरेंत भरतो. कारण त्या ठिकाणीं होणारी हालचाल डोळ्याला आपल्याकडे ओढून घेते. टॅब बदलतांना पडद्याचा बहुतेक सर्व भाग एकदम पालटतो. त्यामुळें अमुक एक जागा बदलली अशी खूण डोळ्याला मिळत नाहीं. नवें पान जुन्यासारखेंच दिसणारें असेल, तर आपण टॅब बदलला कीं नाहीं, याविषयींहि मनुष्य साशंक होतो. ज्या कचेरींत दोन गिऱ्हाइकांचीं सारखींच दिसणारीं पत्रकें शेजारशेजारच्या टॅबांत उघडलेलीं असतात, तेथें एकाचा आंकडा दुसऱ्याच्या नांवावर पडण्यास एवढी शंका पुरेशी आहे.

पडद्यावरील बदलाला गति देण्याची कल्पना टॅब रूढ होण्यापूर्वींच निघाली होती. १९८४ च्या जानेवारींत अॅपल कंपनीचा मॅकिन्टॉश बाजारांत आला. त्यांत एखाद्या चित्रखुणेवर दोनदां माऊस दाबला कीं तिच्यापासून रेषांची एक चौकट निघे, ती मोठी होत होत जाई आणि मग त्या ठिकाणीं विंडो उघडे. बंद करतांना तीच चौकट आक्रसत चित्रखुणेंत परत जाई. नुसती चौकटच कां, याचें उत्तर यंत्राच्या गरिबींत आहे. त्या यंत्राची स्मृति अवघी १२८ किलोबाइट होती. पडदा ५१२ बाय ३४२ ठिपक्यांचा, काळापांढरा. त्याचें एक चित्र सांठविण्यासच सुमारें २२,००० बाइट लागत. सबंध विंडो हलवून दाखविणें या यंत्राच्या आवांक्याबाहेरचें होतें; चार रेषा हलविणें शक्य होतें. पण चार रेषांनींहि काम भागलें, कारण उरलेला प्रवास डोळ्यानें भरून काढला. पुढें विंडोज ९५ मध्येंहि हीच काटकसर दिसते. विंडो लहान करतांना ती सबंध हलत नसे. तिच्या माथ्याची पट्टी तेवढी खालच्या टास्कबाराकडे सरकत जाई.

पान बदलण्याच्या हालचालीचा पहिला मोठा बाजार भरला तो १९८७ सालीं, हायपरकार्डमध्यें. बिल अॅटकिन्सन यांनीं अॅपलसाठीं लिहिलेला हा प्रोग्रॅम प्रथम नव्या मॅकिन्टॉशबरोबर फुकट मिळत असे. त्यांत सर्व माहिती कार्डांच्या गठ्ठ्यांत ठेवावयाची होती, आणि प्रत्येक कार्ड पडद्याएवढें होतें. गन यांच्या खणांतील कार्डेंच जणूं पडद्यावर आलीं. परंतु अॅटकिन्सन यांनीं एका कार्डावरून दुसऱ्यावर जाण्याचीहि भाषा दिली. हायपरटॉक या सुलभ भाषेंत एक ओळ लिहिली कीं नवें कार्ड डावीकडे पुसत येई, किंवा कोठाराचें दार उघडावें तसें दोन्ही बाजूंनीं दुभंगे, किंवा ठिपक्याठिपक्यांनीं विरघळे, किंवा मध्यबिंदूपासून डोळ्याच्या बाहुलीप्रमाणें विस्तारत जाई. त्याची चाल मंद असावी कीं जलद, हेंहि सांगतां येई. या सर्व तऱ्हा चित्रपटाच्या संकलकांनीं पूर्वींच रुळविलेल्या होत्या. अॅटकिन्सन यांनीं त्या सामान्य माणसाच्या हातीं दिल्या.

त्याचें फळ दुहेरी झालें. विचारी लेखकांनीं या तऱ्हांना अर्थ दिला. पुढच्या कार्डावर जातांना एका दिशेनें पुसावें, मागें येतांना उलट दिशेनें. तपशिलांत शिरतांना विस्तारावें, बाहेर पडतांना आक्रसावें. वाचणाऱ्याला आपण कोठें आहों हें न सांगतां कळूं लागलें. उलट, नवशिक्यांना नवें खेळणें सांपडल्यासारखें झालें. प्रत्येक कार्डाला वेगळी तऱ्हा, आणि तीहि मंद गतीनें! पहिल्या दिवशीं जें पाहून कौतुक वाटे तें चौथ्या दिवशीं नकोसें होई. पडद्यावरील हालचालीच्या पुढील सर्व इतिहासांतील दोन्ही पक्ष अशा रीतीनें या एका प्रोग्रॅममध्येंच समोरासमोर उभे राहिले होते.

शास्त्रीय विचार यानंतर झाला. १९९१ सालीं झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांतील जॉर्ज रॉबर्टसन, जॉक मॅकिन्ले आणि स्टुअर्ट कार्ड यांनीं शंकूच्या आकाराचा एक वृक्ष पडद्यावर रचला. त्यांतील एखादें पान निवडलें कीं सबंध वृक्ष फिरून तें पान समोर येई. हें फिरणें एकदम न करतां डोळ्याला दिसेल असें केलें, तर वस्तूंचे परस्परसंबंध पाहणाऱ्याच्या ध्यानांत राहतात; एकदम केलें, तर ते पुन्हां जुळविण्यांत त्याचे कित्येक सेकंद जातात, असें त्यांनीं मांडलें. विचारशक्तीवरचा भार दृष्टीवर टाकावा, कारण दृष्टि तो विनासायास वाहते, हें त्यांच्या प्रतिपादनाचें सार होतें.

दोन वर्षांनीं, १९९३ सालीं, बे-वे चँग आणि डेव्हिड उंगर यांनीं व्यंगपटाच्या कलेकडे मोर्चा वळविला. वॉल्ट डिस्नेच्या चित्रशाळेंतील कारागिरांनीं अनेक वर्षांच्या अनुभवानें गतीचे कांहीं नियम ठरविले होते. फ्रँक थॉमस व ऑली जॉन्स्टन या त्यांतल्याच दोघांनीं १९८१ सालीं ते ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले होते. वस्तु एकदम पूर्ण वेगानें निघत नाहीं आणि एकदम थांबत नाहीं. ती हळू निघते, मध्यें वेग घेते आणि हळू थांबते. निघण्यापूर्वीं ती किंचित् मागें दबते. थांबल्यावर किंचित् थरथरते. चँग व उंगर यांनीं हे नियम सेल्फ या आपल्या प्रणालीच्या पडद्यावर उतरविले. पडद्यावरची वस्तु एका जागीं नाहींशी होऊन दुसऱ्या जागीं प्रकट झाली तर पाहणारा दचकतो व तिला शोधीत बसतो. ती वजनदार वस्तूसारखी हलली तर तो पुढच्या कामाला लागतो, ही त्यांची भूमिका होती.

या मताला विरोधहि झाला, आणि तो निराधार नव्हता. बार्बरा ट्व्हर्स्की, जूली मॉरिसन आणि मिरेय बेत्रांकूर यांनीं २००२ सालीं, हलत्या चित्रांनीं समजूत वाढते असें सांगणाऱ्या अनेक प्रयोगांची कसून तपासणी केली. हलत्या चित्रांत मुळांतच अधिक माहिती भरलेली असल्यामुळें पुष्कळ ठिकाणीं त्यांचा विजय झाला होता. गतीचा त्यांत वांटा नव्हता, असें त्यांना आढळलें. गति उपकारक व्हावयाची तर तिनें दोन अटी पाळल्या पाहिजेत, असें त्यांच्या विवेचनावरून निघतें. ती ज्या बदलाचें चित्र आहे त्याच्याशीं सुसंगत असावी, आणि ती डोळ्याला नीट टिपतां यावी. उलट पक्षीं, बेंजामिन बेडरसन व अँजेला बोल्टमन यांनीं १९९९ सालीं एका कुलवृत्ताच्या साह्यानें केलेल्या प्रयोगांत, पडद्यावर हलत हलत फिरलेल्या लोकांना त्या कुळाची रचना नंतर अधिक चांगली जुळवितां आली, आणि त्यांच्या कामाचा वेग कमी झाला नाहीं. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले म्हणजे तात्पर्य स्पष्ट होतें. जागेचें ज्ञान द्यावयाचें असेल तेथें गति उपयोगी पडते. केवळ शोभेसाठीं आणली तर ती ओझें होते.

दरम्यान यंत्रांची गरिबी संपत आली होती. २००१ च्या मार्चमध्यें आलेल्या मॅक ओ. एस. दहामध्यें विंडो लहान करतांना ती बाटलींत शिरणाऱ्या जिनप्रमाणें निमुळती होत खालीं ओढली जाई. त्याच प्रणालींत टॅबांना जवळची अशी एक शांत हालचालहि रूढ झाली. अनेक प्रोग्रॅमांच्या पसंतीच्या विंडोंत वरच्या पट्टीवरील एखादें चित्र दाबलें कीं नव्या पानाच्या मजकुराप्रमाणें विंडोची उंची सरकत वाढे किंवा कमी होई. तिचा वरचा कांठ जागचा हलत नसे. त्यामुळें डोळ्याला आधार सुटत नसे. २००७ सालीं अॅपलनें कोअर अॅनिमेशन हा संच दिला. त्यांत बदलाला काळ सांगितला नाहीं तर तो पाव सेकंद धरला जाई. २००६ सालीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजसाठीं दिलेल्या डब्ल्यू. पी. एफ. या साधनांतहि गति मुळापासून विणलेली होती. लिनक्सच्या जगांत २०१३ सालीं जी. टी. के. च्या ३.१० या आवृत्तींत पानांची चळत सांभाळणारा एक नवा घटक आला. विरघळणें, सरकणें इत्यादि तऱ्हा त्याला आंतूनच येत होत्या, आणि त्याचा ठराविक काळ एक पंचमांश सेकंद होता.

पाव सेकंद, पंचमांश सेकंद हे आंकडे सहज पडलेले नाहींत. सेकंदाच्या एक दशांशाच्या आंत जें घडतें तें मनुष्याला तात्काळ घडल्यासारखें वाटतें. पूर्ण सेकंद गेला कीं त्याच्या विचाराचा धागा ताणूं लागतो. टॅबाची गति या दोन मर्यादांच्या मध्यें, पहिलीच्या जवळ ठेवावी लागते. साधा हिशेब केला तरी हें पटतें. दिवसांतून ५०० वेळां टॅब बदलणाऱ्या कारकुनाचे पंचमांश सेकंदानें १०० सेकंद जातात. पूर्ण सेकंद घेतला तर आठ मिनिटांहून अधिक जातात. पहिला खर्च चुका वांचवून भरून निघूं शकतो. दुसरा त्याच्या माथीं मारलेला कर ठरतो.

शिवाय, टॅब हलविणें हें बांधणाऱ्यालाहि वाटतें तितकें सोपें नाहीं. जुनें पान जात आहे व नवें येत आहे हें दाखवावयाचें, तर दोन्ही पानें एकाच वेळीं जिवंत असावीं लागतात. पण टॅबांच्या कित्येक जुन्या घटकांत मजकुरासाठीं एकच चौकट असते. टॅब बदलला कीं जुना मजकूर तींतून काढला जातो, आणि हलवावयास कांहीं उरतच नाहीं. डब्ल्यू. पी. एफ. च्या टॅबांतहि हीच अडचण होती. त्यावर कारागिरांनीं काढलेली तोड अशी: बदलापूर्वीं जुन्या पानाचें एक चित्र टिपून ठेवावयाचें, खरा मजकूर खालीं लगेच बदलावयाचा, आणि वरून तें चित्र सरकवीत किंवा विरळ करीत न्यावयाचें. पाहणाऱ्याला जुनें पान जातांना दिसतें. वस्तुतः जातें तें त्याचें प्रतिबिंब. आजच्या सामान्य पडद्यावर २० लाखांहून अधिक ठिपके असतात. सेकंदाला ६० वेळां ते सर्व नव्यानें रंगवावयाचे म्हणजे सुमारें ५० कोटी बाइटांची उलाढाल होते. हें काम चित्रांसाठींच असलेल्या स्वतंत्र प्रोसेसरनें आपल्याकडे घेतल्यावरच ही हालचाल अडखळल्यावांचून होऊं लागली.

दिशेचा विवेकहि आलाच. उजवीकडचा टॅब दाबला तर नवें पान उजवीकडूनच यावें. नाहींतर डोळा एक सांगतो आणि टॅबांची रांग दुसरें. पहिल्यावरून एकदम पांचव्यावर उडी घेतली तर मधलीं तिन्ही पानें दाखवीत बसूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, कळफलकावरून भराभर टॅब बदलणाऱ्या कसलेल्या मनुष्याला हालचाल संपेपर्यंत थांबवून धरूं नये. त्याची पुढची आज्ञा आली कीं चालू असलेली गति तेथेंच सोडून द्यावी. सेवकानें धन्याला दाराशीं थांबवून नमस्कार पुरा करूं नये, तसेंच हें आहे.

हा विवेक पाळल्याचें एक चांगलें उदाहरण २००८ च्या सप्टेंबरांत निघालेल्या गूगलच्या क्रोम या ब्राउझरमध्यें सांपडतें. येथें पानांना गति दिलेली नाहीं. तीं झटक्यांतच बदलतात, कारण वाचणाऱ्याला मजकूर तात्काळ हवा असतो. गति आहे ती टॅबांच्या रांगेला. नवा टॅब सरकत उघडतो, मिटलेल्या टॅबाची जागा शेजारचे सरकून भरून काढतात, आणि टॅब ओढून नेला तर बाकीचे वाट करून देतात. पुष्कळ टॅब दाटीनें उघडलेले असतां माऊसनें एक मिटला, तर उरलेले लगेच रुंद होत नाहींत. माऊस त्या रांगेवर असेपर्यंत ते आपली रुंदी राखतात, म्हणजे पुढच्या टॅबाची मिटण्याची खूण बरोबर माऊसखालीं येते, आणि हात न हलवितां एकामागून एक टॅब मिटतां येतात. माऊस दूर गेल्यावरच रांग सैल होते. केव्हां हलावें याइतकेंच केव्हां न हलावें हेंहि येथें ओळखलेलें आहे.

या इतिहासाचें शेवटचें प्रकरण मात्र कौतुकाचें नाहीं. २०१३ सालीं अॅपलच्या फोनांतील आय. ओ. एस. ७ या आवृत्तींत पडदे आंत-बाहेर झेपावूं लागले, आणि ते पाहून आपणांस घेरी येते, मळमळतें, अशी तक्रार अनेकांनीं केली. हा लहरीपणा नव्हता. शरीराचा तोल सांभाळणारें इंद्रिय कानाच्या आंत असतें. डोळा म्हणतो मी हलत आहें आणि कान म्हणतो मी स्वस्थ आहें, असा विरोध उत्पन्न झाला कीं ज्यांचें हें इंद्रिय नाजूक आहे त्यांना तो सोसत नाहीं. जी गति शंभरांना वाट दाखवीत होती ती कांहींना काम सोडून उठावयास लावीत होती. विंडोज ७ मध्यें २००९ सालींच अनावश्यक हालचाल बंद करण्याची सोय होती. मॅकच्या प्रणालींत २०१६ सालीं ‘गति कमी करा’ अशी सोय आली. २०१८ च्या जूनमध्यें वेबपानांच्या सुलभतेचे जे नियम सुधारून प्रसिद्ध झाले, त्यांत मनुष्याच्या क्रियेमुळें सुरू होणारी हालचाल बंद करतां यावी, असें कलम सर्वोच्च श्रेणींत घालण्यांत आलें. तेव्हांपासून चांगल्या कारागिराचें काम असें झालें कीं, टॅबाची हालचाल बांधण्यापूर्वीं ती कोणास नको आहे हें प्रणालीला विचारावें. ज्यांना ती नको त्यांना नवें पान झटक्यांत द्यावें, किंवा जागच्या जागीं हळूच विरघळवून द्यावें.

जेम्स गन यांच्या खणांतील कार्डापासून येथवर सुमारें सव्वाशें वर्षें लोटलीं. त्या कार्डाला गति द्यावी लागत नव्हती. ती बोटाबरोबरच येत होती, आणि बोट जितकें घाईंत असेल तितकीच ती घाईंत असे. पडद्यावरील टॅबाला ती उसनी आणावी लागते, म्हणून तिचा हिशेबहि ठेवावा लागतो. पोथीचें पान उलटतांना वाचणारा कधीं पानाकडे पाहत नाहीं; तो पुढच्या ओळीकडे पाहत असतो. पडद्यावरचें पान बदलतांनाहि मनुष्याच्या ध्यानांत हालचाल राहूं नये, जागा राहावी. ज्या दिवशीं तो हालचालीचें कौतुक करूं लागला, त्या दिवशीं ती थोडी अधिक झाली असें खुशाल समजावें.